मी जागी आहे

हा मजकूर मी हातानं लिहिलेला नाही. बोटांना अजून पेन धरवत नाही, धरलं तरी दोन ओळींत हात गळून पडतो. मी बोलते आणि फोन लिहितो. तो चुकला की मी पुन्हा बोलते, तो पुन्हा लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासलं, आता एका फोनचं तपासते आहे. हा विद्यार्थी निदान उलट बोलत नाही.

ज्यांच्या घरात कुणाची वाचा गेली आहे किंवा बिघडली आहे, त्यांच्यासाठी हे सांगते आहे. पेशंटसाठी आणि त्याहून जास्त घरच्यांसाठी. आजाराची माहिती डॉक्टर देतील. मला जे सांगायचं आहे ते कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि विचारायला मला तोंड नव्हतं.

चप्पल

मुदखेडजवळच्या आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं आणि मी मैदानातून वर्गाकडे निघाले. मागून पोरं खिदळायला लागली. "बाई, तुमची चप्पल तिकडंच राहिली की!"

वळून पाहिलं तर माझी डावी चप्पल झेंड्याच्या खांबाजवळ पडलेली. मी अनवाणी पायानं खडीवरून एवढं अंतर चालून आले होते आणि पायाला त्याची खबरच नव्हती. मीही हसले. आदल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, त्याचा अशक्तपणा असेल म्हणून सोडून दिलं. वर्गात खडू हातातून दोनदा निसटला. नांदेडला परत येताना ऑटोतून उतरायला शेजारच्या बाईनं हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतल्या पाटावरून मला उठताच येईना. मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दाराची कडी बाहेरून हलवून हलवून काढली आणि मला उचलून आणलं. तो रेल्वेच्या ऑफिसात आहे, फायली सोडून जड काही उचलायची त्याला सवय नाही. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होतो. तिथं मला पाणी प्यायला दिलं, ते नाकातून बाहेर आलं. तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदललेला मी पाहिला आणि मला खरी भीती वाटली.

पाठीत सुई घातली, नसांना विजेचे झटके देऊन पाहिले, मग नाव सांगितलं, जीबीएस. शरीराची राखण करणारी ताकदच शरीराच्या नसांवर उलटते, एवढं मला कळलं. डॉक्टर म्हणाले, "बरा होणारा आजार आहे. पण आधी वाढतो, मग उतरतो. किती वाढेल ते आज सांगता येणार नाही."

घशात नळी घालायच्या आधी मिलिंदनं वाकून विचारलं, "काय पायजे तुला?"

माझी जीभ तोवर जड झाली होती, तरी हे वाक्य नीट निघालं. "प्रज्ञाला बोलव."

"हाव. बोलवतो," तो म्हणाला.

प्रज्ञा आमची एकुलती एक मुलगी. ती लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. मागच्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं, म्हणून हे दुसरं वर्ष, रिपीटर बॅच. ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांना या दोन शब्दांचं वजन सांगायला नको.

काचेच्या आत

अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र सारखीच असते, दिवे कधी मालवतच नाहीत. माझे हात, पाय, ओठ, सगळं गेलं होतं. पापण्या राहिल्या होत्या, त्याही अर्ध्या. डोकं मात्र ठणठणीत. हेच लोकांच्या लक्षात येत नाही. माणूस हलत नाही म्हणजे ऐकत नाही, असं सगळे धरून चालतात. भेटायला येणारे एक तर कानात ओरडत, नाही तर माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलत. माझ्या एका चुलत दिरानं पलंगाच्या कठड्याला टेकून प्लॉटचा सौदा केला.

नळीतून कफ ओढायला यायचे तेव्हा जीव जातोय असं वाटे, दर वेळी. त्याची सवय होते असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. एक आयाबाई मात्र रोज पाळीवर आली की माझे केस विंचरायची आणि विंचरता विंचरता तिच्या सुनेच्या कागाळ्या करायची. मी उत्तर देत नाही याचं तिला काहीच वाटत नसे. त्या थोड्या वेळापुरती मी पेशंट नव्हते, शेजारीण होते.

एका दुपारी शोभाताई आल्या. शोभाताई म्हणजे मिलिंदची थोरली बहीण. आई गेल्यापासून त्यांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. माझे डोळे मिटलेले होते. त्या मिलिंदला म्हणाल्या, "पोरीला कळवलं न्हाई ना?"

"न्हाई अजून."

"कळवूबी नको. मागल्या साली थोडक्यात गेलं तिचं. परीक्षा होऊस्तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई."

"आन् हिला काही झालं तं?"

"तवा बघू. आता हिच्यासाठी पोर येऊन काय करणार हाय? काचंतून बघून रडणार आन् साल घालवणार."

मी जागी होते. यंत्र माझा श्वास ठरल्या वेगानं आत-बाहेर करत होतं, म्हणून रागानं श्वाससुद्धा वाढवता येईना.

सहामाही

मला इतका राग का आला ते सांगायला मागं जावं लागेल.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते. आमचं गाव निलंगा तालुक्यात, पण शाळेसाठी मला नांदेडला मावशीकडं ठेवलं होतं. पहाटे नांदेडलाही भांडी वाजली. मावशीचे यजमान त्याच दिवशी गावाकडं गेले, परत आले आणि म्हणाले, तुझी आई सोलापूरच्या दवाखान्यात आहे, पायाला लागलंय, बरी होईल.

मी रोज विचारायची. रोज उत्तर मिळायचं, बरी आहे, तू अभ्यास कर. मावशी माझ्याशी फार गोड वागायला लागली होती, रोज भातावर तूप वाढायची. मग सहामाही परीक्षा आली. मराठीच्या पेपरात निबंध होता, 'माझी आई'. मी लिहिलं, माझी आई पहाटे उठते, माझी आई मला ओव्या म्हणून दाखवते, माझी आई आता दवाखान्यात आहे पण ती दिवाळीला मला न्यायला येणार आहे.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मावशीनं मला मांडीवर घेऊन सांगितलं. आईची माती भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी झाली होती. मोठ्यांनी ठरवलं होतं, सहामाही होऊ दे, मग सांगू.

तुमचं चुकलं असं ज्यांना म्हणावं, त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही. त्यांनी मायेनंच केलं. पण त्या निबंधाला बाईंनी वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले होते, आणि ते मार्क मी आजवर विसरलेली नाही.

घरी

आजार डॉक्टर म्हणाले तसाच उतरत गेला, मुंगीच्या पावलांनी. यंत्र निघालं, गळ्यातली नळी निघाली, तिच्यासाठी पाडलेलं भोक बुजलं. होळीच्या सुमारास घरी आणलं. मान धरवत होती, पाय थोडे हलत होते, हात मुळीच नाही. आवाज आला होता, पण ओठ आणि जीभ साथ देत नव्हती. मी बोलले की तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं यायचं. मिलिंदला दहातलं एखादं वाक्य कळे, शोभाताईंना तेही नाही. त्या आता आमच्याकडंच राहायला आल्या होत्या. त्यांनी माझं सगळं केलं, अगदी सगळं, आणि कधी नाक मुरडलं नाही. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं इतकं अवघड होतं.

कुणी आलं की विचारी, "जेवती का?" त्या सांगत, "जेवती." "झोप लागती का?" "लागती." मी मध्येच काही म्हणाले की त्या हसून म्हणत, "पाणी मागून राहिली." मी पाणी मागत नसे. बहुतेक वेळा मी म्हणत असे, प्रज्ञाला सांगा.

रविवारी चार ते पाच होस्टेलच्या मुलींना त्यांचे फोन मिळायचे. चारला मिलिंदचा फोन वाजायचा. पुढच्या खोलीतून मला त्याचं बोलणं ऐकू येई. आई ट्रेनिंगला गेली, आईचा गळा बसलाय, आई शेजारी बारशाला गेली. मी एवढी हिंडणारी बाई कधीच नव्हते.

फरहाना मॅडम

दवाखान्यातल्या वाचा-उपचार करणाऱ्या फरहाना मॅडम आठवड्यातून दोनदा घरी येत. त्या जुन्या नांदेडातल्या. त्यांच्या घराण्याचं अत्तराचं दुकान होतं, त्यामुळे त्या आल्या की खोलीला आधी वास यायचा. ओठांचे, जिभेचे व्यायाम करून घ्यायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, साधं बोलून लिहिणारं ॲप तुमच्या कामाचं नाही, ते धडधाकट लोकांच्या आवाजावर शिकलंय. पण आता अशी नवी ॲप निघालीत, जी एकाच माणसाचा बिघडलेला आवाज शिकतात. आपण वाक्यं रेकॉर्ड करून द्यायची. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मग त्या माणसाच्या 'ब'चा कसा 'म' होतो, कुठं त्याचा दम तुटतो, ते त्याला कळायला लागतं. एक ॲप नुकतंच मराठी शिकायला लागलं होतं. त्यांनी ते माझ्या फोनवर घातलं, आणि फोन नुसत्या बोलण्यावर उघडेल, निरोप पाठवेल अशी सोयही करून दिली. फोन माझ्या तोंडासमोर स्टँडवर बसला.

वाक्यं मिलिंद आणि शोभाताईंनी तयार केली. पाणी द्या. कुशीवर वळवा. पंखा लावा. पोट भरलं. मी बरी आहे. काळजी करू नका. मी आज्ञाधारकपणे रेकॉर्ड करत राहिले. पुढच्या खेपेला फरहाना मॅडम आल्या तोवर फोन ही सगळी वाक्यं झकास लिहीत होता. 'मी बरी आहे' तर एका दमात. शोभाताईंना कोण आनंद! त्यांनी वाटीभर खीर केली होती.

फरहाना मॅडम म्हणाल्या, "आता तुमच्या मनातलं काही बोला."

मी बोलले. पडद्यावर नुसते ठिपके आले. पुन्हा बोलले. पुन्हा ठिपके.

"ही वाक्यं कुणी निवडली?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच," शोभाताई म्हणाल्या. "तिला लागतंय तेवढं समदं हाय त्याच्यात."

फरहाना मॅडमनी यादी वर-खाली केली. "ताई, याच्यात 'नको' कुठं हाय?"

शोभाताईंनी खिरीची वाटी पुढं सरकवली.

"मास्तरीण बाई हायेत या. भांडायला एक तरी वाक्य ठेवायचं की हो त्यांना."

मी हसले. माझा चेहरा तेव्हा हसायचा नाही, नुसता घशातून आवाज यायचा, पण फरहाना मॅडमना तो कळला. त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, आता तुम्ही सांगायचं, मी लिहिणार, कितीही वेळ लागू दे.

खूप वेळ लागला. पहिलं वाक्य होतं, नको. मग, माझ्यासमोर बोला. मग, मला भीती वाटते. मग, मी जागी आहे. प्रज्ञाला खरं सांगा, हे वाक्य आलं तशा शोभाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

गोड निरोप

फोन समोर आल्यावर मला माझेच निरोप वाचायला मिळाले. दर रविवारी माझ्या नावानं प्रज्ञाला निरोप जात होते. 'बाळा, मी छान आहे. तू नीट जेव. मन लावून अभ्यास कर.' पुढं गुलाबाची फुलं, हात जोडलेले, पुन्हा गुलाब. शोभाताईंचं काम. मी पोरीला जन्मात बाळा म्हटलेलं नाही. मी तिला म्हणते, ए शहाणे.

त्या संध्याकाळी मिलिंद ऑफिसातून आला तेव्हा मी फोनकरवी म्हणाले, "मी जागी आहे. प्रज्ञाला खरं सांगा."

तो शर्ट न काढताच बसला. "माया, थोडे दिवस राह्यले. एवढं निभवू दे. तिचं साल गेलं तं तुलाच लागून राहील."

"नको."

"काय नको?"

त्याला काय ते कळलं होतं. मी 'सहामाही' म्हणाले. हा शब्द फोनला शिकवलेला नव्हता, त्यानं तो लिहिला नाही. पण मिलिंदला माझ्या तोंडून कळला. सहामाहीची ती गोष्ट मी लग्नानंतर कुणाला सांगितली असेल तर एकट्या त्यालाच.

"ते येगळं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझी आई गेली होती. तू हायेस."

मला त्याला विचारायचं होतं, मी आहे हे पोरीला कसं कळणार? तेवढं लांब वाक्य फोनला येत नव्हतं आणि मला तेवढा दम नव्हता. तो दूध तापवायला उठून गेला. त्याच्यावर मी एवढी चिडले होते आणि त्याची कीवही येत होती. रात्रीतून तीनतीनदा उठून मला कूस बदलून देणारा माणूस होता तो.

मी रेकॉर्डिंग वाढवलं. सकाळी फिजिओथेरपी, दुपारी वाक्यं. परीक्षा मेमध्ये होती. मला घाई होती.

रविवार

एप्रिलातल्या एका शुक्रवारी जेवण श्वासनलिकेत गेलं. मला ठसका लागला, शनिवारी ताप चढला, रविवारी सकाळी छातीत घुरघुर सुरू झाली. डॉक्टर घरी येऊन गेले. बोटाला लावायचं यंत्र बघत म्हणाले, "संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर भरती करू. कदाचित पुन्हा नळी घालावी लागेल."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. नळी घातली की आवाज बंद. आवाज बंद झाला की हा फोन नुसता फोन. मग माझ्या नावानं पुन्हा गुलाब जाणार, आणि मी त्या काचेच्या आत गेले आणि आलेच नाही तर पोर परीक्षा देऊन बाहेर पडेल आणि तिला कुणी तरी मांडीवर घेऊन सांगेल. मरणाची भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती ही होती.

चारला मिलिंदचा फोन वाजला. तो पुढच्या खोलीत गेला. शोभाताई माझी पिशवी भरत होत्या, चादर, ग्लास, टॉवेल. त्या टॉवेल शोधायला गच्चीवर गेल्या.

बाहेरून मिलिंदचा आवाज आला. "आई ना? झोपलीय आता. हाव, बरी हाय."

मी फोनला म्हणाले, "प्रज्ञा." तिचं पान उघडलं. दम घेतला. "मी जागी आहे." शब्द उमटले. "पाठव." गेले.

मग एकेक करून. "मी आजारी आहे." "मला भीती वाटते." प्रत्येक वाक्यानंतर छातीत कफ वाजत होता आणि मला थांबावं लागत होतं. फोन मध्येच ठिपके दाखवी, मी पुन्हा म्हणे. घाम कानात उतरत होता, पुसायला हात नव्हता.

पुढच्या खोलीत मिलिंद बोलता बोलता थांबला. "काय झालं? प्रज्ञा? हॅलो?"

माझ्या पडद्यावर उत्तर आलं. 'आत्या, तुम्हीच ना या? आईच्या फोनवरनं लिहू नका आता.'

मग लगेच दुसरं. 'मला समदं माहितीय. आई हाय का न्हाई, तेवढं सांगा.'

माझी पोर लातूरला बसून, प्रश्नपत्रिका सोडवत, आई मेली आहे असं धरून चालली होती. किती आठवडे, कोण जाणे. आम्ही तिला त्रास होऊ नये म्हणून काय केलं होतं ते त्या एका ओळीत होतं.

लिहिलेल्या कशावरही तिचा विश्वास बसणार नव्हता. तिचं बरोबरच होतं, लिहिलेलं आजवर सगळं खोटं होतं. आता उरला होता माझा आवाज, जसा होता तसा. तो मी एव्हाना बाहेरच्या कुणालाही ऐकवत नव्हते. शाळेतल्या बायका भेटायला आल्या की मी तोंड मिटून पडायची. पोरांचे उच्चार सुधारणाऱ्या बाईचं हे असं बोलणं त्यांनी ऐकू नये, एवढंच मला वाटे.

"रेकॉर्ड," मी म्हणाले. लाल ठिपका लागला. मी असेल नसेल तो दम गोळा केला आणि म्हणाले, "ए शहाणे. मी हाय."

म्हणजे मला ते म्हणायचं होतं. बाहेर काय आलं ते तुम्ही ऐकलं असतंत तर घाबरला असता.

"पाठव."

बाहेरच्या खोलीत मिलिंदच्या फोनमधून काहीच आवाज येत नव्हता. तो हॅलो हॅलो करत होता. मग त्या फोनमधून एक हंबरडा आला, तो मला आतपर्यंत ऐकू आला. "पप्पाऽऽ, आईला फोन द्या!"

मिलिंद दारात येऊन उभा राहिला. स्टँडवरचा माझा फोन, त्यावरच्या ओळी, माझं तोंड, सगळं त्यानं पाहिलं. मला वाटलं आता तो चिडेल. त्यानं त्याचा फोन स्पीकरवर टाकला, माझ्या तोंडाजवळ धरला आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. गच्चीवरून आलेल्या शोभाताई हातात टॉवेल घेऊन उंबऱ्यातच थांबल्या.

मी बोलले. प्रज्ञा बोलली. काय बोललो ते दोघींनाही धड कळलं नाही. पाचला तिचा फोन जमा झाला.

नंतर

त्या संध्याकाळी मला भरती केलं. नळी लागली नाही. सोमवारी पहिल्या बसनं प्रज्ञा आली आणि आल्या आल्या बापाशी, आत्याशी आणि माझ्याशी, तिघांशीही भांडली. माझ्याशी भांडताना मध्येच थांबून माझ्या तोंडाखाली रुमाल लावायची आणि पुन्हा सुरू.

होस्टेलवर मुलींना हे पाठच असतं, ती म्हणाली. घरचे फार गोड बोलायला लागले की समजायचं, कुणी तरी गेलं. तिच्या खोलीतल्या मुलीचे आजोबा असेच गेले होते, तिला सराव परीक्षा संपल्यावर सांगितलं. "तुझ्या त्या गुलाबानं माझी झोप उडाली होती आई. तू कधी फुलं पाठवती का?"

मी फोनकरवी उत्तरं देत होते. पहिल्या दिवशी ती पडदा वाचायची. दुसऱ्या दिवशी मी बोलले की आधी माझ्या तोंडाकडं बघायची, मग पडद्याकडं, बरोबर ऐकलं का ते तपासायला. ती परत निघाली तोवर पडदा बघायचं विसरून गेली होती. त्या ॲपनं माझं बोलणं फोनला शिकवलं, आणि फोनकडून ते माझ्या पोरीनं शिकून घेतलं. मग मिलिंद शिकला. शोभाताई सगळ्यांत शेवटी शिकल्या. आता मी 'नको' म्हणाले की त्या म्हणतात, "आलं का तुझं नको."

प्रज्ञानं परीक्षा दिली. निकाल काय लागला ते इथं लिहायचं नाही अशी तिची ताकीद आहे. आई लेख आजाराचा लिहितीय ना, मग माझे मार्क कशाला, म्हणते.

माझी जीभ आता पुष्कळ सुटली आहे. गंमत म्हणजे जसजशी मी नीट बोलायला लागले तसतसं ॲपला माझं कळेनासं झालं. त्यानं शिकलेली बाई वेगळी होती. फरहाना मॅडमनी मला पुन्हा वाक्यं रेकॉर्ड करायला लावली. तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर यंत्र जरूर आणा, पण त्याला शिकवायची वाक्यं पेशंटला निवडू द्या, आणि त्यातलं पहिलं 'नको' असू द्या.

तो रविवारचा आवाज प्रज्ञाच्या फोनमध्ये अजून आहे. मी तिला कितीदा म्हणाले, पुसून टाक ते, जनावर ओरडल्यासारखं वाटतंय. ती पुसत नाही. "त्यातला एक शब्द मला कळला नव्हता आई," ती म्हणते. "पण आवाज तुझा होता."

माझ्या आईचा आवाज मला आठवत नाही. मी तिच्या ओव्यांवर निबंध लिहिला, ओव्या आठवतात, शब्द सगळे आठवतात, आवाज नाही. प्रज्ञाला मी हल्ली पुसायला सांगत नाही.